फवारेकाकांचे ढालकिडे

आमच्या घरमालकांचं खरं नाव पोस्टमन सोडून कुणाला ठाऊक नसावं. सगळे त्यांना फवारेकाका म्हणतात, अगदी तोंडावरसुद्धा. त्यांना त्याचं काही वाटत नाही. उलट कुणी आडनावानं हाक मारली, तर आपल्यामागे कोण उभं आहे ते ते वळून बघतात. बत्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरांतली झुरळं, ढेकूण आणि वाळवी मारली. आधी एका कंपनीत नोकरी म्हणून, मग स्वतःचा पंप घेऊन. ज्याच्या ओट्याखाली काका आडवे झाले नाहीत, असं स्वयंपाकघर या भागात शोधावं लागेल.

मी त्यांच्याकडे वरच्या दोन खोल्यांत नऊ वर्षं भाड्यानं राहते. एका छापखान्यात मुद्रितं तपासते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेते. ही खोड घरी आल्यावर सुटते असं नाही. तेव्हा काकांबद्दल सांगताना मी थोडी खवचटपणे बोलले, तर तो धंद्याचा दोष समजावा.

काका कुणाच्या घरात शिरले की आधी माणसांकडे बघत नाहीत. कोपरे बघतात, सिंकखालचा पाइप बघतात, दाराची चौकट बोटानं वाजवून बघतात. माझ्याकडे पहिल्यांदा चहाला आले तेव्हा कप हातात धरून त्यांनी माझ्या पुस्तकांच्या कपाटामागे टॉर्च मारला, "तीन महिन्यांत वाळवी लागणार," असं सांगितलं आणि बिस्किट घेतलं. वाळवी अडीच महिन्यांत लागली. त्यांना आनंद झालेला लपवता आला नाही. पंधरा दिवसांचा फरक पडला, त्याचं खापर त्यांनी माझ्या भिंतीच्या ओलीवर फोडलं.

किड्यांच्या बाबतीत त्यांचं म्हणणं खोडायची कुणाची टाप नव्हती. गिऱ्हाइकांची नव्हती, माझी नव्हती, आणि काकूंची तर नव्हतीच. एरवी घरात काकूंचं राज्य होतं. पडदे कुठल्या रंगाचे, पाहुण्यांना थांबवायचं की वाटेला लावायचं, काकांनी कुठला शर्ट घालायचा, सगळं त्या ठरवायच्या. पण सहा पायांचं काही दिसलं की तिथून पुढे काकांची हद्द सुरू व्हायची.

सहा वर्षांपूर्वी काकूंना जिना चढताना धाप लागायला लागली. मग सपाटीवर चालताना. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडावर धरून सांगितलं की, फुप्फुसांनी निम्मं काम सोडलंय, उरलेलं निम्मं सांभाळा. विषारी औषधाचा वासही घरात नको आणि अंगणातही नको. काकांनी त्याच आठवड्यात काम बंद केलं. पंप गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकला. आलेल्या गिऱ्हाइकांना दारातूनच परत पाठवलं. हे सगळं कशामुळे झालं, असं घरात कुणी कुणाला विचारलं नाही. मीही विचारलं नाही, आणि मला तर नसत्या चौकशा करायची हौस आहे.

स्वयंपाकघराच्या दारामागे वीस पावलं लांब आणि दहा पावलं रुंद अशी जागा आहे. तिथे काकूंची बाग. भिंतीला काठ्या लावून त्यावर चढवलेला घेवडा, टोमॅटोच्या दोन ओळी, मिरच्या, चार गुलाब आणि कोपऱ्यात एक लिंबू. दारापासून तिच्यातल्या वेताच्या खुर्चीपर्यंत अकरा पावलं. काकू रोज तेवढी चालायच्या, मध्ये एकदा भिंतीला हात टेकायच्या आणि मग दुपारपर्यंत तिथेच बसायच्या. बाकी सगळं जग त्यांच्यासाठी बंद झालं होतं. बाजार बंद, नाटक बंद, माझ्या खोल्यांचा जिनासुद्धा बंद.

या वर्षी घेवड्यावर मावा पडला. कोवळ्या शेंड्यांवर बारीक किड्यांचा हिरवट काळा थर, पानं वळलेली, त्यावर चिकट पाणी आणि ते प्यायला मुंग्यांची रांग. काका दोन दिवस पाठीमागे हात बांधून फेऱ्या मारत होते. तिसऱ्या दिवशी मी भाडं द्यायला खाली गेले, तर ते स्टुलावर उभे राहून माळ्याकडे बघत होते.

"एकच हात मारतो," ते म्हणाले. "सौम्य औषध. तू दोन दिवस दारं लावून आत बस."

काकू ओट्याशी शेंगा सोलत होत्या. त्या चिडल्या नाहीत. दूध उतू जाईल, बघा, असं सांगावं तितक्याच सुरात म्हणाल्या, "पंप खाली उतरला की मी ताईकडे जाईन. ती वर्षभर बोलावतेय. आणि एकदा गेले की परत यायचं माझ्या अंगात त्राण उरेल असं धरून चालू नका."

काका स्टुलावरून उतरले. ताईंचं घर गाडीनं चार तासांवर होतं. काकूंची मोठी बहीण, एकटी, घरात एक खोली रिकामी. धमकी नव्हती ती. काकूंनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

बियाण्यांच्या दुकानातल्या बाईंकडे काका गेले ते विष नसलेलं काही मिळतं का विचारायला. बाईंनी त्यांना ढालकिडे सांगितले. तेच लाल, काळ्या ठिपक्यांचे, मनगटावर चढू दिले की बोटाच्या टोकावरून उडतात ते. "मित्रकीटक म्हणतात त्यांना. मावा हेच त्यांचं जेवण," बाई म्हणाल्या. "आणून सोडा. अंडी घालतील. मोठ्यांपेक्षा त्यांची पिल्लं जास्त खातात, फडशा पाडतात नुसता."

"बत्तीस वर्षांत एक मित्र भेटला नाही मला त्यांच्यात," काकांनी घरी येऊन सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी खिशात चार काड्यापेट्या घालून ते बसडेपोमागच्या रिकाम्या जागेत गेले. तिथल्या गवतात त्यांनी गुडघे टेकून, टोपी काढून, ज्या बोटांनी आयुष्यभर किडे चिरडले त्याच बोटांनी एकेक ढालकिडा अलगद उचलला. डेपोतले कंडक्टर कुंपणाशी गोळा झाले. एकानं विचारलं, "काका, काय हरवलं?" काका म्हणाले, "नोकर शोधतोय."

पहिल्या दिवशी त्यांनी भर दुपारी सगळे घेवड्यावर सोडले. अर्ध्या तासात सगळे भिंतीपलीकडे पसार. काकांना हा अपमान वाटला. बियाणंवाल्या बाईंनी हसू दाबून सांगितलं की, उन्हात सोडाल तर ते थांबणार नाहीत. संध्याकाळी सोडा, आधी पानांवर पाणी शिंपडा, तहान भागली की रात्रीची वस्ती करतात. पुन्हा काड्यापेट्या भरून आणून तसं केल्यावर ते राहिले. सकाळी काका पाठीमागे हात बांधून हजेरी घ्यायचे. "अकरा हजर. दोघं गुलाबावर टंगळमंगळ करतायत." काकू खुर्चीतून हसायच्या, हसता हसता खोकायच्या आणि पुन्हा हसायच्या. मी वरच्या गॅलरीत चहा घेऊन उभी असायचे. तो आठवडा चांगला गेला, एवढं मी सांगू शकते.

मग काळ्या अळ्या आल्या.

बोटाच्या पेराहून लहान, काळ्या, अंगावर काटे, पाठीवर दोन बाजूंनी नारिंगी डाग, सहा पायांवर सुसरीसारख्या सरपटणाऱ्या. घेवड्याच्या शेंड्यांवर, बरोबर जिथे मावा होता तिथेच. काकांनी भिंगातून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. ओळखीचा शत्रू समोर आल्यावर उजळावा तसा.

"एकट्या माव्यानं पानं एवढी आकसत नाहीत, मी म्हणतच होतो," ते म्हणाले. "ही बया आहे त्यामागे."

त्या दिवसापासून रोज सकाळी सहाला काका चिमटा आणि साबणाच्या पाण्याचा मग घेऊन बागेत. फवारायचं नाही म्हटलं होतं. चिमट्याला कुणाची हरकत नव्हती. पान उलटायचं, अळी उचलायची, मगात टाकायची. पानांखाली पिवळ्या बारीक अंड्यांचे पुंजके दिसले की अंगठ्यानं पुसून टाकायचे. काम झालं की मोठ्यांदा आकडा जाहीर व्हायचा. "आज सव्वीस." "आज एकेचाळीस." त्यांच्या हातात पुन्हा काम आलं होतं आणि ते दहा वर्षांनी तरुण दिसत होते. मी वरून शाबासकी दिली. एकदा नाही, रोज. ते मला लिहून ठेवलंच पाहिजे.

मधल्या वेळात ते भिंग घेऊन ढालकिड्यांची पिल्लं शोधायचे. बाईंनी सांगितलेली, फडशा पाडणारी. पण पिल्लांचा पत्ता नव्हता. काका शोधत होते ते मोहरीएवढे लाल किडे, पाठीवर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके असलेले. झुरळाचं पिल्लू झुरळासारखं असतं, ढेकणाचं ढेकणासारखं. बत्तीस वर्षं त्यांनी अशीच पिल्लं पाहिली होती, आकारानं लहान आणि बाकी बापासारखी. वेगळं काही असू शकेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही.

"वांझ निघाले सगळे," एक दिवस त्यांनी निकाल दिला.

मावा वाढत होता. घेवड्यावरून तो मिरच्यांवर गेला, मिरच्यांवरून गुलाबाच्या कळ्यांवर. घेवड्याची फुलं गळायला लागली. काकू खुर्चीतून बघत राहायच्या. त्यांनी एकदाच काकांकडे काही मागितलं. "त्यातली एक मला द्या."

"काय?"

"अळी. बाटलीत घालून द्या. दिवसभर बघायला तरी होईल काही."

काकांनी लोणच्याच्या रिकाम्या बाटलीच्या झाकणाला भोकं पाडली, मावा पडलेलं एक पान आत टाकलं, वर एक मरतुकडी अळी सोडली आणि बाटली खुर्चीशेजारच्या स्टुलावर ठेवली. आजारी माणसाचे चोचले पुरवावे लागतात, असा चेहरा करून ते पुन्हा चिमटा घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी काकूंनी पाहिलं की, पान जसंच्या तसं आहे. वळलेलं, चिकट, पण कुठे कुरतडलेलं नाही. मावा मात्र साफ. त्यांनी हात लांबवून घेवड्याचा दुसरा शेंडा तोडला आणि आत टाकला. अळीनं तोही साफ केला. तिसरा. चौथा. हे मला त्यांनी नंतर सांगितलं. तेव्हा त्या अवाक्षर बोलल्या नाहीत. पाच दिवस त्या बाटलीला खाऊ घालत राहिल्या आणि समोर काका आकडे जाहीर करत राहिले.

"तेव्हाच का नाही सांगितलंत?" मी पुढे विचारलं.

"नुसतं मावा खाते म्हणून सांगितलं असतं, तर म्हणाले असते, बाटलीत दुसरं काही नाही म्हणून खाते," काकू म्हणाल्या. "मला माहीत आहेत ते. मला पुरता पुरावा हवा होता."

सहाव्या दिवशी अळी झाकणाला शेपटीनं चिकटली आणि आकसून नारिंगी गोळी झाली. काकांनी जाता जाता पाहिलं. "मेली," ते म्हणाले. काकूंनी बाटली उचलून मांडीवर घेतली. ती का घेतली, ते मला आता कळतं. तेव्हा मीही मेली असंच समजले.

शुक्रवारी संध्याकाळी काका खालच्या पायरीवर बसून होते. "उद्या पंप काढतो," ते मला म्हणाले. "सगळं गेल्यावर वाचवायला उरेल काय? तिची बाग आहे. बाग मेली तर ती कुठे बसणार?"

"आणि काकू?"

"पंधरा दिवस राहील ताईकडे. वास गेला की आणतो."

ते खरंच बोलत होते. काकूंनी घातलेली अट त्यांनी स्वतःच्या सोयीनं पंधरा दिवसांवर आणली होती, आणि आपण तसं केलं हे त्यांना कळलंही नव्हतं. आतून काकूंनी कपाट उघडल्याचा आवाज येत होता. साड्या, औषधं, वाफ घ्यायचं यंत्र. वाफ घ्यायचं यंत्र काही कुणी पंधरा दिवसांसाठी नेत नाही. ताईंकडे तसलंच एक जुनं होतं, हे काकांनाही ठाऊक होतं.

शनिवारी साडेआठला मला खालून हाक आली. काकूंची हाक, त्या कधी हाक मारत नाहीत, दम पुरत नाही. मी धावत उतरले. काका स्टुलावर चढलेले, माळ्याचं दार उघडं, पंपावरचं गोणपाट अर्धं सुटलेलं. काकू बागेत, खुर्चीत, मांडीवर बाटली.

"उतरा," त्या म्हणाल्या. "आणि भिंग आणा."

झाकणाच्या आतल्या बाजूला ती नारिंगी गोळी उकललेली होती, आणि तिच्या शेजारी एक किडा बसला होता. पिवळाधमक, ओला, ठिपका एकही नाही. काकांनी भिंग लावलं. बराच वेळ लावलं. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते. किडा वाळत गेला तसा पिवळा रंग गडद होत गेला, आणि पाठीवर आधी पुसट, मग स्पष्ट, काळे ठिपके उमटले. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. कुणी उठलं नाही. शेवटी त्यानं पाठ उघडून पंख एकदा ताणून पाहिले. डेपोमागून काड्यापेटीत आणलेल्यांत आणि त्याच्यात आता फरक उरला तो फिक्या रंगापुरता.

काकांनी भिंग खाली ठेवलं. घेवड्याकडे पाहिलं. मग साबणाच्या पाण्याच्या मगाकडे.

"ती पिल्लं होती," ते म्हणाले.

"हो."

"मीच..." ते काकूंकडे वळले. "तू आधी का नाही सांगितलंस?"

काकूंनी दोन श्वास घेतले. त्यांना लांब वाक्य बोलायचं असलं की त्या असे श्वास जमवून घेतात.

"आधी सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "आपली धाकटी लेक दहावीत होती तेव्हा. म्हटलं होतं, तुमचे कामाचे कपडे हातानं धुते तेव्हा घसा जळतो, रात्रभर खोकला येतो. तर तुम्ही म्हणालात, त्यानं माणसाला काही होत नाही. अठ्ठावीस वर्षं धुतले मी ते."

मला तिथून निघून जायला हवं होतं. पाय उचलला नाही. काका खाली, मातीत, खुर्चीच्या पायाशी बसले. सत्तरीच्या माणसाला असं एकदम बसता येतं हे मला माहीत नव्हतं. त्यांनी तोंडावर हात घेतला नाही, रडले नाहीत. ते समोर बघत म्हणाले, "मी ऐकायला हवं होतं तुझं."

मला वाटलं, आता काकू म्हणतील, असू दे. अशा वेळी बायका म्हणतात तसं. आयुष्यभर म्हणत आल्या असतील.

"हो," काकू म्हणाल्या. "ऐकायला हवं होतं."

पुढे त्यांनी त्यात काही घातलं नाही. मी नऊ वर्षं या दोघांकडे जरा अंतरावरून, करमणूक म्हणून बघत आले होते. त्या क्षणी मला काकांची दया आली आणि काकूंचा अभिमान वाटला, आणि दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं याचा मला रागही आला.

अकरा वाजता ताई टॅक्सी घेऊन आल्या. दारातली बॅग पाहून ड्रायव्हरनं ती उचलली. ताई बागेत आल्या, मातीत बसलेले मेहुणे पाहून दचकल्या आणि बहिणीला म्हणाल्या, "चल. उन्हाच्या आत निघू."

काकूंनी आधी ताईंकडे पाहिलं, मग घेवड्याकडे, मग काकांच्या डोक्याकडे. टक्कल पडलेलं, वर मातीचा एक डाग.

"आज नाही येत मी, ताई," त्या म्हणाल्या.

"का गं? काल तर हो म्हणालीस."

"यांना एकट्याला सोडलं तर जे उरलेत ते पण मारतील."

ताईंना यातलं काही कळलं नाही. त्या जेवून चारला परत गेल्या. ऊन कलल्यावर मी गॅलरीत आले, तेव्हा काका घेवड्यापाशी उभे होते आणि काकू खुर्चीत. काकांनी एक पान उलटलं. खाली काहीतरी होतं, राखी, लांबट, मला वरून ओळखता आलं नाही. त्यांनाही आलं नसावं. त्यांचा हात सवयीनं पुढे गेला. मग तो थांबला, आणि पान तसंच उलटं धरून त्यांनी मागे वळून विचारलं, "अगं, हा कोण?"

काकूंना उत्तर द्यायला वेळ लागला, कारण आधी त्यांना श्वास जमवायचा होता. काका पान धरून उभे राहिले.